विच हेझलमध्ये चेटकीण कुठून आली?

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी विच हेझलचं टोनर मागवलं. सहावीतल्या मुलीने बाटली वाचून आजीला सांगितलं, "आजी, यात चेटकीण आहे." तेव्हापासून सासूबाई ती बाटली देवघराशेजारच्या कपाटात ठेवू देत नाहीत. ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: ‘विच’ शब्दाचा नक्की अर्थ काय, चेटकिणीच्या नावाची आणखी झाडं आहेत का, आणि आपल्याकडे मराठीत तशी कोणती?

मी मुंबईत बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतरही रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात लोकांना झाडं दाखवत फिरते, त्यामुळे असे प्रश्न कानावर येतच असतात. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सासूबाईंसाठी. त्या बाटलीत चेटकीण नाही, नावातसुद्धा नाही. जुन्या इंग्रजीत दोन शब्द होते. एक ‘विच्चे’, म्हणजे चेटूक करणारी बाई; पुरुष असेल तर ‘विच्चा’. दुसरा ‘विचे’, एका ‘च’चा. हा लवणाऱ्या फांद्यांच्या झाडाला म्हणत. पुढे शेवटचे स्वर गळाले, दोन्हींचं ‘विच’ झालं, आणि गोंधळ कायमचा वस्तीला आला. (नवार्ण मंत्रातल्या ‘चामुंडायै विच्चे’शी याचा काडीचाही संबंध नाही. आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर उद्या व्हॉट्सॲपवर फिरेल.)

विच हेझलमधलं ‘विच’ हे दुसरं, लवचीक फांदीचं. इंग्लंडात एका एल्म वृक्षालाही ‘विच एल्म’ म्हणतात, तेही यातलंच. वेताच्या टोपलीला इंग्रजीत ‘विकर’ म्हणतात, त्याचं मूळही वाकणे-वळणे याच अर्थाच्या धातूकडे जातं. बुरूड कामटी वाकवून पाहतो ना, मोडते की लवते, तोच गुण या नावात आहे.

इंग्रज अमेरिकेत गेले तेव्हा त्यांना तिथल्या रानात हेझलसारख्या पानांचं एक झुडूप दिसलं. शास्त्रीय नाव हॅमामेलिस व्हर्जिनियाना. त्यांनी गावाकडचं नाव त्याला देऊन टाकलं. याच्या बेचक्याच्या फांदीने जमिनीतलं पाणी शोधायची चालही तिथे पडली आणि त्या प्रकाराला ‘वॉटर विचिंग’ म्हणू लागले. आपल्याकडचे पाणाडे हातात फांदी किंवा नारळ घेऊन शेतात फिरतात, तेच काम. म्हणजे नाव आधी लवचीकपणावरून पडलं आणि जादू मागाहून येऊन चिकटली. झुडपाचं वागणंही असं की लोकांचा संशय वाढावा. पानं गळून गेल्यावर, ऐन थंडीच्या तोंडावर, उघड्या काटक्यांवर पिवळ्या दोऱ्यांसारखी फुलं येतात. बोंडं वाळली की टचकन फुटतात आणि बिया कित्येक फूट लांब उडतात. मुंबईच्या हवेत हे झुडूप वाढत नाही, त्यामुळे ते दाखवायला मी तुम्हाला कुठे नेऊ शकत नाही. पण सासूबाईंनी ते नकळत वापरलेलं असण्याची शक्यता आहे. होमिओपॅथीच्या दुकानात मूळव्याधीसाठी ‘हॅमामेलिस’ मागतात ते हेच.

नावावरून कथा रचायची सवय आपल्यालाही आहेच. सीताफळ आणि रामफळ दोन्ही मूळ अमेरिकेकडची, पण सीतामाईने वनवासात सीताफळ खाल्ल्याच्या गोष्टी मी शिकलेल्या माणसांकडून ऐकल्या आहेत.

असाच एक घोळ गणितातही झाला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मारिया आन्येसी या इटलीच्या गणिती बाईंनी १७४८ साली कलनशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यातल्या एका वक्ररेषेला इटालियनमध्ये ‘वेर्सिएरा’ म्हणत, वळण्याच्या अर्थाने. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याने ते ‘अव्वेर्सिएरा’ वाचलं, म्हणजे सैतानाची बायको. झालं, आजही इंजिनिअरिंगची मुलं त्या रेषेला ‘विच ऑफ आन्येसी’ म्हणतात. इकडे वळणारी फांदी, तिकडे वळणारी रेषा, आणि दोन्हीकडे उगाचच चेटकीण.

आता खऱ्या ‘विच’कडे, म्हणजे ‘विच्चे’कडे. हा शब्द ‘शहाणी बाई’ या अर्थाचा आहे असं हल्ली फार सांगितलं जातं. कल्पना गोड आहे, पण इंग्रजीतला शहाणपणाचा ‘वाइज’ वेगळ्या मुळाचा. तो आपल्या ‘वेद’ आणि ‘विद्या’चा चुलतभाऊ. ‘विच्चे’चं त्या घराण्याशी नातं लागत नाही.

मराठीत याला आपण सरसकट ‘चेटकीण’ म्हणतो. चेटूक करते ती चेटकीण. संस्कृतात ‘चेट’ म्हणजे नोकर आणि ‘चेटी’ म्हणजे दासी. चेटूक म्हणजे कुणालातरी ताब्यात घेऊन राबवणं, म्हणून मला हे शब्द शेजारी ठेवून बघायला आवडतात. पण तो माझा चाळा समजा. ‘डाकीण’ची गोष्ट जास्त रंगतदार आहे. ती आली ‘डाकिनी’वरून, आणि बौद्ध तंत्रमार्गात डाकिनी ही साधकाला ज्ञान देणारी देवता आहे. ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात तुम्ही ‘परल्यां वैद्यनाथं च डाकिन्यां भीमशंकरम्’ म्हणता. तिथे डाकिनी हे चक्क ठिकाणाचं नाव आहे. गावात उतरेपर्यंत त्या देवतेची लोकांनी डाकीण करून टाकली.

हडळ मात्र चेटकीण नव्हे. मुलांच्या गोष्टींच्या भाषांतरांत हे सर्रास चुकतं. हडळ म्हणजे मेलेल्या बाईचं भूत, बहुधा बाळंतपणात गेलेल्या. कोकणात तर याचे पोटप्रकार आहेत: सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट. (जखीण म्हणजे यक्षीण. तिचाही हुद्दा डाकिनीसारखाच घसरलेला.) चेटकीण आणि डाकीण या जिवंत बायका असतात, शेजारच्या घरात राहणाऱ्या, आणि सगळा धोका तिथेच आहे. युरोपात अशा खटल्यांत चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली, बहुतेक बायका. आपल्याकडे नंदुरबारच्या सातपुड्यात बाईला डाकीण ठरवण्याचे प्रकार झालेले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असं करणाऱ्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. तेव्हा मुलगी ‘चेटकीण’ म्हणून हसली तर हसू द्या, पण हा शब्द कुठल्या बाईला चिकटवायचा नसतो एवढं तिला जाताजाता सांगा.

आता ज्या वनस्पतींच्या नावात खरोखरच चेटकीण आहे त्या.

ग्रीक कथांमध्ये सर्सी नावाची जादूगारीण माणसांची डुकरं करते. तिच्यावरून सर्सिया हे प्रजातीचं नाव पडलं. नाव एवढं मोठं, पण झाड वीतभर, फुलं पांढरी, टाचणीच्या डोक्याएवढी. फळांना आकडे असतात, ती कपड्याला चिकटतात. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांच्या पायजम्याला ती नक्की लागलेली असतील. फॉक्सग्लोव्हच्या फुलांना इंग्लंडात चेटकिणीचे हातमोजे म्हणत. विल्यम विदरिंग या डॉक्टरांना १७७५ साली श्रॉपशरमधल्या एका म्हाताऱ्या बाईचं अंगावरच्या सुजेवरचं गुपित औषध दाखवण्यात आलं. त्यात वीसएक पाले होते. त्यातलं काम करणारं हे एकच असं त्यांनी ओळखलं आणि दहा वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवून १७८५ मध्ये पुस्तक छापलं. हृदयाच्या रुग्णांना आजही डिगॉक्सिन देतात, ते याच्याच भावंडापासून काढतात. तुमच्या इमारतीतल्या एखाद्या आजोबांच्या डब्यात ‘लॅनॉक्सिन’ असेल, तेच.

जर्मन लोक लायकोपोडियम या नेच्यांच्या नात्यातल्या बुटक्या वनस्पतीच्या बीजाणूंच्या पिवळ्या भुकटीला ‘हेक्सनमेल’, चेटकिणीचं पीठ म्हणतात. ज्योतीवर उडवलं की भप्पकन पेट घेतं. बीएस्सीला फिजिक्स घेतलेल्यांनी प्रकाशाची कडी मोजायच्या प्रॅक्टिकलला हीच पावडर काचेवर पसरलेली असते. आमच्या शेजारच्या लॅबमध्ये ती डबी होती. मुलांनी ती एकदा मेणबत्तीवर फुंकली, तेव्हा लॅब असिस्टंटचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

अमरवेल तुम्ही पाहिलेली आहे. कुंपणावर टाकलेल्या पिवळ्या शेवयांसारखी असते ती. मूळ नाही, पान नाही, मातीशी संबंध नाही. इंग्रजीत तिला चेटकिणीचे केस म्हणतात. आपण कौतुकाने अमर म्हटलं, त्यांनी घाबरून केस म्हटलं. पाहिलं दोघांनी एकच: तोडली तरी उरलेल्या बोटभर तुकड्यातून ती पुन्हा वाढते. बोगनवेलीवर दिसली तर ती फांदीच कापून टाका, सोडवत बसू नका.

‘चेटकिणीचा झाडू’ हे झाड नाही, तो रोग आहे. फांदीच्या एका ठिकाणाहून पन्नास काटक्या फुटतात आणि झाडावर खराटा अडकल्यासारखा दिसतो. शेंड्याच्या कळीने बाजूच्या कळ्यांना दाबून धरलेलं असतं. बुरशी, कीड किंवा फायटोप्लाझ्मा नावाचे भिंत नसलेले जिवाणू ती शिस्त मोडतात, मग सगळ्या कळ्या एकदम सुटतात. फायटोप्लाझ्माचा शोध १९६७ साली जपानमध्ये लागला. तोवर लोकांनी चेटकीण म्हटलं तर त्यांचं फार चुकलं असं मला वाटत नाही. आपल्या वांग्याचा पर्णगुच्छ त्याच कुळातला. शेतकरी त्याला बोकड्याही म्हणतात.

आमच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी सदाफुलीच्या रांगेतल्या चार झाडांना हिरवी फुलं आली. गुलाबी पाकळ्यांच्या जागी बारीक हिरवी पानं, तीही घोसाने. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्या वाफ्यात लिंबू-मिरची आणून ठेवली. माळीदादा म्हणाले, खत जास्त झालं. मी एक फूल भिंगाखाली धरून दोघांना दाखवलं. पाकळीची जागा तीच, घडी तीच, पण रंग आणि शिरा पानाच्या. तुडतुड्यांनी रस शोषताना फायटोप्लाझ्मा एका झाडातून दुसऱ्यात सोडलेला. चारही झाडं मुळासकट उपटून पिशवीत बांधली, तेव्हा उरलेली वाचली. लिंबू-मिरची मात्र काकूंनी आठवडाभर हलवू दिली नाही, आणि गुण तिलाच मिळाला.

सगळ्यात जास्त मला सांगायचंय ते टारफुल्याबद्दल. शास्त्रीय नाव स्ट्रायगा. लॅटिनमध्ये ‘स्ट्रिक्स’ म्हणजे चीत्कारणारं घुबड, त्यावरून ‘स्ट्रिगा’ म्हणजे रात्री फिरणारी चेटकीण. त्याच भाषेत ‘स्ट्रिगा’ म्हणजे ओळ किंवा तास असा आणखी एक शब्द आहे आणि वनस्पतिशास्त्रात तो राठ केसाळ पानांसाठी वापरतात. टारफुल्याची पानं हाताला खरखरीत लागतातच. पण शेतकऱ्याला विचाराल तर तो चेटकीण हाच अर्थ धरेल, इंग्रजीतही त्याला ‘विचवीड’च म्हणतात.

सांगलीकडे मामेभावाच्या खरिपाच्या ज्वारीत मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. पाऊस झालेला, रान ओलं, तरी ज्वारीचा एक पट्टा दुपारी पानं गुंडाळून उभा, जणू पंधरा दिवस पाणी नाही. बुडाशी वीतभर उंचीचं हिरवं रोप, वर इवली पांढरी फुलं. भाऊ म्हणाला, "हे काय करतंय, गवत आहे साधं." आम्ही खुरप्याने माती सैल करून दोन्ही एकदम उपसून बादलीत धुतली. टारफुल्याचं मूळ ज्वारीच्या मुळात घुसलेलं, जोडावर मोहरीएवढी गाठ. वर दिसण्याआधी कित्येक दिवस जमिनीखाली हे पिणं चालू असतं. एक रोप हजारोंनी बी टाकतं. बी धुळीएवढं असतं आणि मातीत दहा-दहा वर्षं पडून राहतं.

आणि रुजतं कधी? जवळ ज्वारीसारख्या पिकाचं मूळ आलं तरच. मुळातून झिरपणाऱ्या एका द्रव्याचा वास लागल्याशिवाय ते डोळा उघडत नाही. ते द्रव्य १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून वेगळं काढलं आणि टारफुल्यावरून त्याला स्ट्रिगॉल नाव दिलं. पीक आपल्याच वैऱ्याला का बोलावतं, याचं उत्तर मिळायला पुढची चाळीसेक वर्षं लागली. २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की ही हाक मुळात मातीतल्या उपकारी बुरशीसाठी असते, जी मुळाला स्फुरद आणून देते. घरच्याला मारलेली हाक चोराने ऐकावी, तसा टारफुला ती ऐकतो. त्यानंतर तीनच वर्षांत कळलं की हेच द्रव्य झाडात संप्रेरक म्हणूनही काम करतं आणि बाजूच्या फांद्या किती फुटाव्यात ते ठरवतं. म्हणजे मघाचा झाडू आणि ही चेटकीण एकाच प्रश्नापाशी येऊन भेटतात. वर्गात हा तास घेताना मला दरवेळी घंटा कमी पडायची. भावाला इतकं सांगितलं नाही. फुलं येण्याआधी उपट आणि पुढच्या वर्षी तिथे ज्वारी नको, एवढंच सांगितलं.

‘चेटकिणीचं लोणी’ चटकन उरकते. पावसाळ्यात गच्चीवर हिरवट-काळे, जेलीसारखे गोळे येतात आणि पाय घसरतो. ते नॉस्टॉक. इंग्रजीत त्याला आणि लाकडावरच्या पिवळ्या जेलीसारख्या बुरशीला, दोघांनाही हे नाव आहे. ऊन पडलं की वाळून पापुद्रा होतो, पाऊस आला की पुन्हा फुगतो.

आता मराठीकडे. चेटकिणीच्या नावाचं एकही मराठी झाड माझ्या पाहण्यात नाही. आपण झाडांना भुतं दिली. पिंपळावर मुंजा आणि चिंचेवर हडळ हे राहणारे झाले, पण नावातच भूत असलेलीही आहेत.

त्यातला पहिला मान भुत्याचा, म्हणजे कांडोळाचा. पांढरुख हेही त्याचंच नाव. कान्हेरीच्या वाटेवर फेब्रुवारीत या. सगळं रान तपकिरी, आणि मध्येच एक पान नसलेलं, चुन्याने रंगवल्यासारखं पांढरं खोड हात पसरून उभं. साल कागदासारखी सुटते, खालचा रंग कुठे फिका गुलाबी, कुठे हिरवट. ती हिरवी छटा हरितद्रव्याची: पानं नसताना झाड सालीतून थोडंफार अन्न बनवत असतं. चांदण्यात हे खोड दुरून दिसतं, म्हणून भुत्या. याचाच डिंक कवळी चिकटवण्याच्या पावडरीत जातो. फळांवरच्या लाल केसांना हात लावू नका, दोन दिवस खाजतं.

दुसरी भूतकेस, हिलाच लावसट असंही नाव आहे. पावसाळ्यात माथेरानला हिरव्या झुडपात जागोजाग पांढरी पानं लोंबताना दिसतात. ते पान नव्हे, फुलाच्या पाच निदलांपैकी एक फुगून पांढरं झालेलं असतं, फुलपाखरांना लांबून दिसावं म्हणून. धुक्यात संध्याकाळी ती झुडूपं पाहिली की पांढऱ्या लुगड्यातल्या विधवेच्या भुताचं नाव हिला का दिलं, ते विचारावं लागत नाही.

सातवीण, म्हणजे सप्तपर्णी, मुंबईच्या रस्त्यांवर भरपूर लावली आहे. दिवाळीच्या सुमारास रात्री तिचा उग्र वास येतो, डोकं दुखतं, आणि लोक तिला सैतानाचं झाड म्हणतात. तिच्या लाकडाच्या पाट्या करत, म्हणून शास्त्रीय नावात ‘स्कोलॅरिस’ आहे.

आणि कळलावी. चेटकिणीच्या सगळ्यात जवळ जाणारं आपलं झाड हेच, नाव नसलं तरी. श्रावणात उद्यानाच्या वाटेवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी उलटी फुलं दिसतात. ‘कळ’ म्हणजे वेणाही आणि भांडणही. बाळंतिणीला कळा आणायला सुईणी हिचा कंद वापरत, तो एक अर्थ. घरात आणली तर घरात कळ लागते, तो दुसरा. चिपळूणच्या मावशीने मी तोडून आणलेलं फूल उंबऱ्याबाहेर टाकायला लावलं होतं, तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि फार रडले होते. पुढे कॉलेजात कळलं की हिच्यात कोल्चिसीन आहे. ते संधिवाताच्या एका प्रकारावर औषध आहे, पण मात्रा थोडी चुकली की माणूस जातो. कंद दिसायला रताळ्यासारखा असतो. नर्सरीत ही वेल ‘ग्लोरिओसा’ नावाने कुंडीत मिळते आणि लोक हौसेने बाल्कनीत लावतात.

तर ताई, टोनरची बाटली उलटी करून पाहा. अल्कोहोल लिहिलेलं असेल आणि त्वचा कोरडी असेल तर ते चेहऱ्याला झोंबेल; पुष्कळ ब्रँडमध्ये ते चौदा टक्के असतं. नसेल तर ठेवा देवघराशेजारी. आणि सासूबाईंनी उद्या कुंडीतल्या ग्लोरिओसाला घरात घ्यायला नकार दिला, तर त्यांचं ऐका. घरात सहावीतली मुलगी आहे.